सणाची सागुती आणि औंधचा माळ

चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) या कथेत क्रॅचिट नावाच्या गरीब कारकुनाच्या घरी नाताळचे जेवण म्हणून हंस शिजतो. घरात भट्टी नसल्याने तो शेजारच्या पाववाल्याकडे भाजायला दिलेला असतो. कथेच्या शेवटी कंजूष स्क्रूजला उपरती होते आणि तो त्याच घरी भलामोठा टर्की पाठवतो. हे पक्षी लंडनच्या बाजारात कसे येत, हा प्रश्न वाचताना सहसा आपल्या मनात येत नाही. डिकन्सच्या शंभर वर्षे आधी, १७२०च्या दशकात, डॅनियल डिफोने आपल्या प्रवासवर्णनात त्याचे उत्तर नोंदवून ठेवले आहे. नॉरफोक आणि सफोक परगण्यांतून टर्की आणि हंसांचे शेकड्यांनी कळप पायी हाकत राजधानीकडे आणले जात. ऑगस्टमध्ये सुगी संपली की ते निघत आणि वाटेतल्या कापलेल्या शेतांत सांडलेले दाणे टिपत पुढे सरकत. सणाच्या ताटात पडणारे मांस आधी शंभर मैल चालून आलेले असे.

पुढे रेल्वे आली, सामायिक रानांना कुंपणे पडली आणि ही पायवाट बंद झाली. विसाव्या शतकात कोंबड्या-डुकरे बंदिस्त शेडमध्ये वाढू लागली. तेव्हा मोकळ्यावर चरलेल्या जनावराला वेगळे नाव द्यायची गरज पडली आणि 'फ्री-रेंज' हा शब्द पाकिटांवर छापला जाऊ लागला. जे एकेकाळी सर्वांनाच लागू होते ते आता जास्त पैसे मोजून घ्यायचे विशेषण झाले. आपल्याकडेही महानगरांतल्या दुकानांत हा शब्द येऊन पोहोचला आहे. परंतु महाराष्ट्रात असा एक प्रदेश आहे जिथे मांसाचे जनावर आजही पायी चालते आणि जिथे या विशेषणाला शब्दच नाही, कारण त्याची गरज पडली नाही. तो प्रदेश म्हणजे माणदेश. त्याचा एक मोठा तुकडा १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता.

औंध संस्थान नकाशावर सलग नव्हते. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. आटपाडी आणि कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळचा तुकडा तर पार विजापूरकडे. सारी मिळून बहात्तर गावे. या संस्थानाचे नाव निघाले की भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार, त्यांचे चित्रसंग्रहालय, १९३९ची स्वराज्याची घटना आणि आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत आठवते. हे सगळे खरे आणि मोलाचे. तथापि संस्थानाच्या पूर्वेकडील भागाचे अर्थकारण ज्यावर उभे होते ते मेंढरू मात्र इतिहासाच्या पुस्तकांत फारसे येत नाही. ते आले साहित्यात. व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली संस्थानातल्याच माडगुळ्याला जन्मले. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या 'बनगरवाडी'त एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, तालीम बांधतो, तालमीला राजा येतो, आणि अखेरीस दुष्काळ येऊन माणसे मेंढरांमागे वाडी सोडून जातात. त्या कादंबरीतील शोकान्त घटना म्हणजे चाऱ्याचा शेवट आहे. वाडी माणसांची असली तरी ती कुठे वसायची आणि कधी उठायची हे मेंढरू ठरवते.

मेंढरू हे प्रामुख्याने मांसासाठी पाळतात असे शहरी वाचकाला वाटते. धनगराच्या हिशेबात पूर्वी मांस शेवटी येत असे. आधी खत. शेतकरी मेंढरांचा कळप रात्री आपल्या रानात बसवून घेई आणि त्याबद्दल धनगराला धान्य देई. लेंडी आणि मूत यांनी हलकी जमीन कसदार होई. मग लोकर, तिची घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर काळी, भरड. तिचे कापड मऊ होत नाही, पण पाऊस आणि थंडी दोन्ही अडवते. आणि मग नड पडली, देणे आले, लग्न निघाले की बकरू विकायचे. (माणदेशात मेंढ्याच्या नरालाही 'बकरू' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकाने ध्यानात ठेवावे.) कळप ही धनगराची बँक होती, मांस म्हणजे मुद्दलाला हात लावणे. त्यामुळे जो कळप राखी त्याच्या घरी मांस सणासुदीलाच शिजे.

कळपाच्या चालण्याला पंचांग आहे. माणदेशात पाऊस अपुरा आणि तोही उशिराचा, म्हणून मुख्य पीक रब्बीची ज्वारी. ती भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि माघ-फाल्गुनात काढतात. पावसाळ्यात माळावर गवत असते तोवर मेंढरे घराजवळ राहतात. दिवाळीनंतर माळ सुकतो, रानांत ज्वारी उभी असते आणि मेंढरांना पाय ठेवायला जागा उरत नाही. मग वाडा हलतो. काही कळप कृष्णाकाठच्या पाणथळ पट्ट्यात उसाचे वाढे आणि मोकळी झालेली राने शोधत जातात, साताऱ्याच्या उत्तर भागातले काही घाट उतरून कोकणात. घोड्यावर संसार, वाघरीचे जाळे, कोंबड्या, कुत्री आणि करडे-कोकरे असा हा जथा पहिला पाऊस पडायच्या सुमारास परततो. म्हणजे नाताळ येतो तेव्हा माणदेशाचे मेंढरू बहुधा माणदेशात नसते. ज्याला ते हवे त्याला वाडा कुठे उतरला आहे ते विचारत जावे लागते.

हा नाताळ इथे कुणाचा? औंधच्या पश्चिमेला साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते. दक्षिणेला सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशन आले आणि विल्यम वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत साताऱ्यात राहून 'देवाचा दरबार' मांडला. देशावरच्या ख्रिस्ती घरांतला नाताळ पहिल्यापासूनच मराठी वळणाचा होता: भजने, करंज्या, शंकरपाळ्या, आणि जेवणाला भाकरीबरोबर मटणाचा रस्सा. हंस आणि टर्की मिशनऱ्यांच्या आठवणीत राहिले. इथल्या ताटात मेंढरूच आले. हिंदू पंचांगात हे दिवस मार्गशीर्ष-पौषाचे. अनेक घरे मार्गशीर्षात मांस वर्ज्य करतात. पौषात औंधला यमाईची यात्रा भरते, खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा आणि खिलार जनावरांचा बाजार. मांसाच्या दृष्टीने गावच्या या काहीशा शांत मोसमातच ख्रिस्ती वस्तीवर सणाची चूल पेटे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मांस मोकळ्यावर चरलेल्या जनावराचे आहे का, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला नसता. सगळेच तसे होते. विचारला जाणारा प्रश्न दुसराच होता: ताज्या मांसाचा वाटा कुणाला मिळतो? गावगाड्यात बकरू कापण्याचा मान मुलाण्याचा. मुसलमान मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय मराठ्याच्या घरी सागुती शिजत नसे, आणि त्याबद्दल मुलाण्याचा वाटा ठरलेला असे. पिराच्या कंदुरीला, देवाच्या जत्रेला हीच रीत. मग मांसाचे सारखे वाटे घालत: प्रत्येक ढिगात थोडी मांडी, थोडी बरगडी, थोडी वजडी, जेणेकरून कुणाला नुसते हाड आणि कुणाला नुसता गर असे होऊ नये. मोठी न्याय्य पद्धत. फक्त या न्यायाला गावकुसाची सीमा होती.

कुसाबाहेरच्या महार-मांगांच्या वाट्याला परंपरेने आले ते मेलेले जनावर ओढण्याचे काम आणि त्याचेच मांस. आटपाडीत १९२१ साली जन्मलेल्या शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ'मध्ये आणि आपल्या कथांतून या जगण्याचा हिशेब मांडला आहे. माडगूळकर आणि खरात एकाच संस्थानाच्या एकाच मुलखातले, वयातही जवळचे. दोघांचा माळ एकच, परंतु त्या माळावरून घरी येणारे मांस एक नव्हते. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. पोट अर्धे राहिले तरी चालेल पण हे खाणे नको, असा निर्धार वस्त्यावस्त्यांत झाला. देशावरील ख्रिस्ती मंडळींत मोठा भरणा याच समाजांतून आलेल्यांचा होता. त्यांच्या नाताळाला जिवंत, धडधाकट, स्वत: पारखून विकत घेतलेले बकरू दारात बांधले जाणे, त्याचे वाटे आपल्याच हाताने घालणे, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. ती चैन नव्हती. आपण कुणाच्या उरल्यावर जगत नाही, हे सांगण्याची ती एक रीत होती.

आता चुलीकडे वळू. चालणाऱ्या मेंढराचे मांस शेडमधल्या जनावरासारखे शिजत नाही. रोज कोस-दोन कोस चालल्याने त्याचे स्नायू घट्ट, चरबी कमी आणि स्नायूंना बांधणारे तंतू अधिक. हे तंतू मंद आचेवर, भरपूर ओलाव्यात, दीर्घ काळ शिजले तरच विरघळून रश्शाला दाटपणा देतात. घाईच्या आचेवर मांस चामड्यासारखे होते. कापल्यानंतर काही तासांनी मांस ताठरते आणि तेव्हा शिजवले तर चिवट लागते. म्हणून गावाकडची रीत अशी की पहाटे बकरू कापायचे आणि ऊन मांसच चुलीवर चढवायचे. आधी अळणी: हळद, मीठ, आले-लसूण आणि चिरलेला कांदा लावून मांस आपल्याच पाण्यात वाफवायचे, भांड्यावरच्या ताटात पाणी ठेवून तेच गरम पाणी आत ओतत राहायचे. बोटाने तुकडा तुटू लागला की वरचा अळणी रस्सा काढून लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला द्यायचा. मग भाजलेले सुके खोबरे, तीळ, निखाऱ्यात भाजलेला कांदा यांचे वाटण आणि कांदा-लसणीची चटणी तेलात परतून त्यात मांस आणि उरलेले पाणी सोडायचे. वजडी वेगळी, मुंडी-पाय वेगळे आणि बहुधा दुसऱ्या दिवशी. या मांसाला बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगांचा, बोरीच्या पाल्याचा वास असतो असे जाणते खाणारे सांगतात. बकरू पारखताना ते त्याने यंदा काय खाल्ले असेल हेही विचारतात.

हा माळ आता झपाट्याने बदलतो आहे. आटपाडी-सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा वाढल्या, टेंभू उपसा योजनेचे कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत आले, आणि ज्या पडीक रानांवर कळप चरत त्यांना कुंपणे पडली. ज्या माणसांनी पाण्यासाठी दशकानुदशके संघर्ष केला त्यांच्या रानात पाणी आले याचा खेद करणारा करंटा. पण इंग्लंडातल्या कुंपणांनी जे केले तेच इथे पाण्याने होते आहे हेही नाकारता येत नाही. कळपाला वाट उरली नाही की बंदिस्त पालन येते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण आणून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. एका वेतात दोन कोकरे होऊ लागली तर धनगराचे उत्पन्न वाढते. मात्र दोन कोकरांच्या आईला चाराही अधिक लागतो, आणि उजाड माळ तो पुरवीलच असे नाही.

दुसऱ्या टोकाला जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी आहे. (माडगूळ आणि माडग्याळ या दोन गावांत बाहेरचे वाचक गल्लत करतात; पहिले औंध संस्थानातले, दुसरे जत संस्थानातले.) उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, लोकर जवळजवळ नाहीच. घोंगडीचा बाजार बसला तेव्हा लोकर नसणे हा दोष उरला नाही. २०२० साली डिसेंबरात आटपाडीच्या बाजारातल्या अशा एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याचे आणि मालकाने ती नाकारल्याचे वृत्तपत्रांत झळकले. आपण अशा बातम्या गंमत म्हणून वाचतो. पण तो मेंढा ताटात जाणारा नव्हताच. त्याची किंमत त्याच्या वंशाची होती. ज्या कळपाला खतासाठी पाळत होते तो आता नाकाच्या बाकासाठी पाळला जातो, एवढा फरक एका शतकात पडला.

सणाचे मांस हे त्यामुळे मला इतिहासाचे एक साधन वाटते. लंडनच्या हंसाने सामायिक रानाचा इतिहास सांगितला, माणदेशाच्या बकराने गावगाड्याचा. 'मोकळ्यावर चरलेले' एवढी चिठ्ठी पुरेशी नाही. ते रान कुणाचे, त्यावर चरायचा हक्क कुणाचा, आणि शेवटी वाटा कुणाला, ही तीन उत्तरे मिळाल्याखेरीज त्या शब्दाला अर्थ येत नाही. औंधच्या पंतांनी कैद्यांना बेड्यांशिवाय शेती करू दिली आणि बहात्तर गावांना स्वराज्य दिले. त्याच मुलखातून आजही दिवाळीनंतर वाडे निघतात. नाताळच्या आदल्या रात्री कृष्णाकाठच्या एखाद्या कापलेल्या उसाच्या फडात ते उतरलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी कुणीतरी कंदील घेऊन नाही तर मोबाईलच्या उजेडात वाघरीजवळ उभे राहून बकरू पारखत असते.