गाडी डावीकडेच का ओढते?

१९८७ साली घाट उतरताना ब्रेक दाबला, की आमची पद्मिनी डावीकडे ओढायची. मागे मुलं, शेजारी सौ. देवाचं नाव घेत. मिस्त्री म्हणाले, "सर, चाकात हवा कमी असती तर गाडी सदाच ओढली असती. ही फक्त ब्रेकवर ओढते. ब्रेकच बघू."

मी पडलो इतिहासाचा मास्तर, मागे गेलोच! पूर्वी ब्रेक सळ्या-तारांनी ओढले जात. चारही चाकांना सारखा ताण देणं जिकिरीचं. १९२१ च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना तेलाच्या दाबावरचे ब्रेक आले. पास्कलचा नियम, दाब सगळीकडे सारखा. फोर्डच्या अमेरिकन गाड्या मात्र १९३९ चं मॉडेल येईपर्यंत सळ्या-तारांवरच!

आमच्या गाडीत तेल होतं, पण पुढच्या उजव्या चाकाचा सिलिंडर गळून लायनर भिजलेले. ते चाक धरतच नव्हतं. मिस्त्रींनी सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलले. सौ. मात्र पुढच्या घाटातही दाराचं हँडल घट्ट धरूनच बसली होती.