कोरेगावचे ऋण आणि दोषाची वाटणी

१ जानेवारी १८१८ रोजी भीमाकाठी कोरेगावला जी लढाई झाली, तिच्याविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. एक पक्ष म्हणतो, महारांनी परक्यांना साथ दिली म्हणून राज्य बुडाले. दुसरा म्हणतो, महारांनी पेशवाई गाडली. पहिल्याला दोष द्यायचा असतो, दुसऱ्याला अभिमान मिरवायचा असतो. हिशेबाची रीत मात्र दोघांचीही एकच. काही माणसांनी एका दिवशी केलेली गोष्ट एका संबंध जातीच्या खात्यावर कायमची मांडून टाकायची. मला या रीतीविषयीच बोलायचे आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे आठशे माणसे होती. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या एका बटालियनचे सुमारे पाचशे शिपाई, काही घोडेस्वार आणि दोन तोफांवरचे मद्रासचे गोलंदाज. शिपायांत महार मोठ्या संख्येने होते. तसे मराठे होते, मुसलमान होते. पेशव्यांची फौज वीस हजारांहून अधिक होती, पण ती सगळी लढाईत उतरली नाही. गावात घुसून लढणाऱ्यांत अरब शिपाई पुढे होते. स्टाँटनचे लोक रात्रभर चालून आलेले. दिवसभर उपाशी लढले. नदी जवळच होती, पण अंधार पडेपर्यंत पाण्याचा घोट मिळाला नाही. पुढे पेशव्यांची फौज निघून गेली आणि स्टाँटनही पुण्याला न जाता शिरूरला परतला. पुणे तर नोव्हेंबर १८१७ मध्येच पेशव्यांच्या हातून गेले होते, आणि बाजीराव शरण गेला तो जून १८१८ मध्ये. म्हणजे राज्य बुडवल्याचा दोष आणि राज्य गाडल्याचे श्रेय, दोन्ही या एका दिवसाला पेलणारे नाही.

मग देशद्रोहाचा आरोप कशाच्या आधारावर? पेशव्यांसाठी अरब लढले, त्यांना कोणी परके म्हणत नाही. कंपनीच्या फौजेत इतर जातींचे लोक होते, त्यांच्या जातींना कोणी जाब विचारत नाही. जाब फक्त महारालाच. शिवाय निष्ठा ही एकतर्फी मागता येत नाही. ज्या राज्याने माणसाची सावलीदेखील विटाळ मानली, त्या राज्याने त्याच माणसाकडे इमान मागावे, हा कुठला न्याय?

पण आपणही जपून बोलले पाहिजे. ते शिपाई जातिअंताची लढाई लढायला निघाले होते असे म्हणणे म्हणजे आजचे आपले मन त्यांच्या अंगावर चढवणे होय. ते पगारी शिपाई होते. गावात जे नाकारले गेले ते त्यांना पलटणीत मिळत होते: हातात शस्त्र, दरमहा पगार आणि हजेरीपटावर स्वतःचे नाव. एवढे कारण मला पुरेसे वाटते. ऋण मानण्यासाठी पूर्वजाला देव करण्याची गरज नसते.

सरकारने हे ऋण कसे फेडले? १८२१ साली स्तंभाचा पाया घातला. त्यावर ४९ नावे कोरली. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. आणि १८९२च्या सुमारास त्याच शिपायांच्या नातवंडांना लढाऊ जातींच्या यादीबाहेर टाकून भरती बंद केली. गरज सरो नि वैद्य मरो! हाही एका संबंध जातीवर बसवलेला ठपकाच होता. निवृत्त लष्करी गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. १९१७ साली महायुद्धाची निकड लागली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

माझी कृतज्ञता म्हणूनच केवळ तलवारीपाशी थांबत नाही. पलटणीमुळे शिपायांच्या मुलामुलींना शाळा मिळाली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेतले शिक्षक. भरती बंद झाल्यावर ज्यांनी अर्ज लिहिले, तेही अक्षराचे धनी. स्तंभावर त्यांची नावे नाहीत, आणि शिपाई लढाईवर गेल्यावर ज्यांनी घर धरून ठेवले त्या बायांचीही नाहीत.

विद्यार्थी मला विचारतात, मग पेशवाईचा जाब आजच्या ब्राह्मणाला विचारायचा की नाही? मी दोष आणि जबाबदारी यांत फरक करतो. दोष करणाऱ्याचा असतो; तो रक्तातून उतरत नाही. १९४८ साली गांधीहत्येनंतर ज्यांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता अशा ब्राह्मणांची घरे जाळली गेली. १९७८ साली नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती अशांच्या वस्त्या मराठवाड्यात पेटवल्या गेल्या. २०१८ साली कोरेगाव परिसरात दगडफेक झाली, एक तरुण जिवानिशी गेला. जन्मावरून अपराध ठरवणे ही जातीचीच रीत आहे. ती दुसऱ्याला लावून आपण जात मोडत नाही, राबवतो.

जबाबदारी मात्र उतरते. जो आजही जातीचा लाभ घेतो, पाणवठा वेगळा ठेवतो, भाड्याने खोली देताना आडनाव विचारतो, त्याला त्याच्या आजच्या कृत्याचा जाब विचारलाच पाहिजे. त्यासाठी बाजीरावाची गरज नाही.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देऊन आले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. तिथे कोणाच्या हाती शस्त्र नव्हते, आणि मागणी कोणा एका जातीला शिक्षा व्हावी ही नव्हती. पाणी सर्वांचे असावे ही होती. स्तंभापुढे उभे राहणाऱ्या आपल्या तरुणांनी २२ नव्हे, ४९ही नावे वाचावीत, आणि परत जाऊन आपल्या गावच्या पाणवठ्याची चौकशी करावी. ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.