अंजन आणि परवलीचा शब्द

पडद्यावरील संगणक वास्तवाशी विसंगत असतो, ही तक्रार आता रूढ झाली आहे; ती विसंगती येते कोठून, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १९९८ साली सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या 'सीआयडी' या हिंदी मालिकेने मुंबईतील पोलीसतपासाचे जे संकेत घरोघर रुजवले, त्यांत अंधुक छायाचित्र मोठे करताच चेहरा उजळतो आणि परवलीचा शब्द दोन-तीन तर्कांत गवसतो. वस्तुतः कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही, ते मोठे केल्याने प्रकट होत नाही. परंतु आपल्या लोकसमजुतीतील पायाळू माणसाला डोळ्यांत अंजन घालताच भूमिगत धन दिसे. पडद्यावरील संगणकतज्ज्ञ हा त्याचाच वारस होय.

या संकेतामुळे लोपते ती केवळ तांत्रिक अचूकता नव्हे (तिची फिकीर करमणुकीने का करावी?), तर गुन्ह्यातील माणसांची साखळी. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. व्यवहारांना मंजुरी देणारी बँकेची यंत्रणा बाजूला सारून तिच्या जागी एक तोतया यंत्रणा होकार देत राहिली, हे खरे. पण त्या होकाराचे रोख रकमेत रूपांतर करायला २८ देशांत, आणि इकडे कोल्हापुरातही, बनावट कार्डे घेतलेली माणसे एटीएमपाशी उभी राहावी लागली. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. अंधाऱ्या खोलीत एकट्याने कळफलक बडवणाऱ्या सिनेमातील हॅकरच्या कथेत या ११ जणांना जागाच नाही.