अपंगानुकूल वेशभूषा

शारीरिक वा संवेदनाविषयक अपंगत्व असणाऱ्या व्यक्तींना शक्यतो स्वतःच्या हातांनी घालता-काढता येतील, कृत्रिम अवयव, कॅलिपर, चाकांची खुर्ची इ. साधनांशी जुळतील आणि त्याचबरोबर प्रचलित अभिरुचीस धरून असतील, अशा वस्त्रांचा व पादत्राणांचा समावेश अपंगानुकूल वेशभूषेत होतो. सोय आणि शोभा ही या वेशभूषेची दोन अंगे होत. रुग्णालयातील सैल झगा सोयीचा असतो. परंतु तो घालून कोणी लग्नसमारंभास जात नाही. केवळ सोयीचा विचार केल्यास वस्त्र हीच अपंगत्वाची खूण ठरते, तर केवळ शोभेचा विचार केल्यास ते अंगावर चढवण्यासाठी परक्या हातांची गरज लागते. या दोहोंचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून या वेशभूषेचा इतिहास घडला आहे.

तयार कपडे सामान्यतः उभ्या व सममित शरीरासाठी बेतलेले असतात. बसल्यावर विजार मागे खाली सरकते व पुढे तिच्या चुण्या पडतात. सतत बसून असणाऱ्याच्या त्वचेवर मागील खिसे व जाड शिवणी यांचा दाब पडून व्रण होऊ शकतात. म्हणून चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी विजार मागे उंच व पुढे आखूड बेततात आणि मागील खिसे गाळतात. कॅलिपर वापरणाऱ्यांच्या विजारीस पायाच्या शिवणीत लांब चेन बसवतात व घर्षणाच्या जागी आतून अस्तर लावतात. एकाच हाताने व्यवहार करणाऱ्यांसाठी बटणांऐवजी चिकटपट्टी किंवा लोहचुंबकाची बंदे वापरतात. मात्र हृदयगतिनियामक उपकरण बसविलेल्या व्यक्तींनी चुंबकांबाबत दक्षता घेणे आवश्यक असते.

महाराष्ट्राचा पारंपरिक पोषाख या दृष्टीने संमिश्र स्वरूपाचा आहे. धोतर, उपरणे, लुगडे ही न शिवलेली वस्त्रे कोणत्याही अंगकाठीस चालतात व शरीर बदलले तरी निरुपयोगी होत नाहीत. परंतु धोतराचा किंवा नऊवारीचा कासोटा घालण्यासाठी उभे राहावे लागते आणि दोन्ही हात लागतात. बंदांची बाराबंदी व पुढे गाठ मारावयाची चोळी यांनाही हाच नियम लागू पडतो. एकत्र कुटुंबात ही अडचण घरातील माणसांच्या मदतीने निभावत असे. त्यामुळे ती वस्त्राची उणीव न समजता व्यक्तीची उणीव समजली गेली.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाकडे पद्धतशीरपणे लक्ष वेधले गेले ते दोन महायुद्धांतील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे. न्यूयॉर्क येथे हेलेन कुकमन या वेशसंकल्पकेने १९५० च्या दशकात पुनर्वसन-वैद्यकातील तज्ज्ञांच्या सहकार्याने अपंगांसाठी वस्त्रे तयार केली. ‘फंक्शनल फॅशन्स’ या नावाखाली नामवंत संकल्पक व उत्पादक यांनी १९७० च्या दशकापर्यंत अशी वस्त्रे बाजारात आणली. स्विस अभियंता झॉर्झ द मेस्त्राल याने शोधलेली वेल्क्रो ही चिकटपट्टी याच सुमारास प्रचारात आली. मेक्सिकन चित्रकर्त्री फ्रीडा काहलो हिने पोलिओ व १९२५ मधील अपघात यांमुळे वापराव्या लागणाऱ्या कमरपट्ट्यांवर स्वतः चित्रे रंगविली आणि लांब घोळदार घागरे हा आपला वेश केला. ब्रिटिश संकल्पक अलेक्झांडर मॅक्वीन याने १९९९ च्या हंगामासाठी सादर केलेल्या वेशदर्शनात एमी मलिन्स ही खेळाडू कोरीव लाकडी पाय लावून चालली. अवयव झाकण्याऐवजी मिरविण्याची ही दृष्टी नवी होती.

भारतात वस्त्रांपेक्षा कृत्रिम अवयवांचा विचार आधी झाला. पुणे येथील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, तर मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. कृत्रिम अवयवशास्त्राचे शिक्षण देणारी ही मुंबईची संस्था नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न आहे. परदेशी बनावटीचा कृत्रिम पाय बंद बुटात घालूनच वापरावयाचा असे. मांडी घालून जेवणाऱ्या, अनवाणी देवळात जाणाऱ्या व चिखलात भात लावणाऱ्या माणसास तो गैरसोयीचा होता. डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८-६९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘जयपूर फूट’ या रबरी पायाने हा अडसर दूर केला. पावलाचा आकार व रंग नैसर्गिक असल्याने तो साडीखाली वा धोतराखाली उघडा ठेवता येतो. १९८१ मध्ये अपघातानंतर पाय गमावलेल्या नर्तकी सुधा चंद्रन यांनी हा पाय लावून १९८४ मध्ये मुंबईत भरतनाट्यम् सादर केले, तेव्हा कृत्रिम पायात घुंगरूही बांधता येतात हे सर्वांनी पाहिले.

पादत्राणांच्या बाबतीत कुष्ठरोगाचा अनुभव बोधप्रद आहे. या रोगात पावलाची संवेदना गेल्याने जखम झालेली कळत नाही व ती चिघळत जाते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्मरंध्री रबराच्या मऊ तळव्यांची पादत्राणे प्रचारात आणली. परंतु वेगळ्या घडणीची चप्पल दिसताच लोक रोग ओळखीत. म्हणून अनेक रुग्ण ती वापरीत नसत व पायांची हानी पत्करीत. त्यामुळे बाजारातील चपलेसारखी दिसणारी संरक्षक चप्पल बनविणे हा उपचाराचाच भाग ठरला. शोभा ही चैन नसून उपचाराच्या यशाची अट असू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते. वरोड्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात रोगमुक्त व्यक्ती स्वतः हातमागावर कापड विणू लागल्या आणि दान म्हणून वस्त्रे घेणारे हात वस्त्रे निर्माण करणारे बनले.

नाशिक जिल्ह्यात येवला हे पैठणीचे प्रसिद्ध केंद्र असून मालेगाव यंत्रमागांसाठी ख्यातनाम आहे. पैठणी हे महाराष्ट्रात मंगलप्रसंगीचे मानाचे वस्त्र होय. परंतु निऱ्या व पदर सांभाळणे चाकांच्या खुर्चीवरील स्त्रीस अवघड जाते आणि मोकळा पदर चाकात अडकण्याचा धोकाही असतो. निऱ्या आधीच शिवून कमरेस चेन वा चिकटपट्टी लावलेली साडी आणि शिवलेली नऊवारी हे यावरील सोपे उपाय आहेत. शिवलेली नऊवारी मुख्यतः नृत्य व समारंभ यांसाठी लोकप्रिय झाली. अपंगांसाठीही ती तितकीच उपयुक्त आहे. मात्र ती बसलेल्या मापाने बेतावी लागते. अंध व्यक्तींपुढील प्रश्न निराळा असतो. घालण्यापेक्षा रंगसंगती ओळखणे त्यांना कठीण जाते. त्यासाठी कपड्याच्या आतील बाजूस ब्रेल चिठ्ठी, ठरावीक संख्येच्या गाठी किंवा निरनिराळ्या आकारांची बटणे लावतात.

एकविसाव्या शतकात काही परदेशी उत्पादकांनी या क्षेत्रात प्रवेश केला. नायकी या कंपनीने २०१५ मध्ये एका हाताने घालता येणारे बूट, तर टॉमी हिल्फिगरने २०१६ मध्ये अपंग मुलांसाठी कपडे बाजारात आणले. भारतातही लहान प्रमाणावर असे उद्योग सुरू झाले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी व महाराष्ट्रात सु. २९.६ लक्ष अपंग व्यक्ती होत्या. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले. एवढी संख्या असूनही प्रत्येकाची गरज वेगळी असल्यामुळे एकाच मापाचे मोठे उत्पादन परवडत नाही. या ठिकाणी गल्लीतील शिंप्याचे महत्त्व लक्षात येते. जुन्या विजारीस चेन लावणे, सदऱ्याची बटणे दिखाऊ ठेवून मागे चिकटपट्टी बसविणे ही कामे तो अल्प खर्चात करू शकतो. मात्र त्यासाठी त्याने गिऱ्हाइकाचे माप बसलेल्या स्थितीत घेतले पाहिजे. शिवणकामाच्या शिक्षणक्रमांत या मापनाचा अंतर्भाव झाल्यास अपंगानुकूल वेशभूषा सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ शकेल.