आरोग्याचे सल्ले : औंधपासून मोबाइलपर्यंत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी कार्यकारिणीची सूचना आली, तेव्हा राजेरजवाड्यांच्या लढायांपेक्षा आपल्या घरातला इतिहास लिहावा, असे मनात आले. मुलींनी काय खावे, कसे दिसावे, कोणता व्यायाम करावा, हे त्यांना आजवर कोण सांगत आले, त्याचा हा अल्पसा आढावा आहे. हल्ली हे काम मोबाइल करतो. अमुक प्या म्हणजे पोट उतरेल, तमुक लावा म्हणजे रंग उजळेल, असे निरोप आपल्या वाडीतल्या घराघरांतून दिवसभर येत असतात. पण अशी लाट ही काही आजचीच गोष्ट नव्हे.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्काराचा ध्यास होता. संस्थानातल्या शाळांतून त्यांनी मुलांप्रमाणे मुलींनाही नमस्कार घालावयास लावले, आणि १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक विलायतेत प्रसिद्ध झाले. तीही एक लाटच होती. मात्र राजेसाहेब स्वतः रोज नमस्कार घालीत, आणि त्यांना त्यातून काही विकावयाचे नव्हते.

त्याच सुमारास, १९२७ साली, र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले व १९५३ मध्ये मरेपर्यंत चालविले. बायाबापड्यांना घरात उच्चारता येत नसत अशा प्रश्नांची उत्तरे त्यात छापून येत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्व्यांची मते कोणास पटोत वा न पटोत, त्यांनी दिलेल्या सल्ल्याखाली त्यांचे नाव होते आणि त्याचा जाब द्यावयास ते कोर्टात हजर होते, एवढे मान्य करावेच लागेल.

स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, जादूच्या उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. ज्या तक्रारींवर रामबाण औषध असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे, उंची आहे आणि स्त्रियांचे विकारही आहेत. म्हणजे मुलींच्या मनातली लाज हेरून माल खपविण्याची युक्ती सत्तर वर्षांपूर्वीच सरकारच्या ध्यानात आली होती!

आता आपल्या नागपूरकडे येऊ. काटोल भागातले डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या पदव्यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. आपल्या वाडीवरून जाणाऱ्या अमरावती रस्त्यावरच, कोंढाळीजवळ, २ जून २००४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. वारंवार खाल्ल्याने शरीरात इन्शुलिन वारंवार वाढते, म्हणून दिवसातून दोनदाच जेवावे, हा विचार ते व्याख्यानांतून मांडीत. पुढे लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो स्वतःवर अजमावला व महाराष्ट्रभर पोचविला : दोन वेळा जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटे चालणे. १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी हा आराखडा नाही, सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी करावी, हेही त्यांनी सांगितले. या पद्धतीविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. त्यांचा निवाडा मी करणार नाही. परंतु माझ्या मोबाइलवर जे निरोप फिरून आले, त्यांत 'दोनदा जेवा' एवढेच उरले होते. वयाची अट आणि तपासणी वाटेतच गळून पडली होती.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, २०२० पासून अर्ध्या मिनिटाच्या रील्स आल्या, आणि ही गळती फारच वाढली. नुकसान कोणाचे होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. जिच्या अंगातून दरमहा रक्त जाते आणि जिची वाढ अजून व्हावयाची आहे, तिने भाकर-वरण सोडून लिंबू-मधाच्या पाण्यावर दिवस काढला, तर चेहऱ्यावर तेज कोठून येणार? येतो तो थकवा, केसगळती आणि पाळीची अनियमितता.

रंगाचेही तेच. २०२३ साली आपल्या विदर्भातच, अकोल्याच्या एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्या लावीत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. आणि मनाचे म्हणाल, तर इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीच्याच अंतर्गत पाहणीत, आपल्या देहाविषयी आधीच नाराज असलेल्या दर तीन किशोरींपैकी एकीचे दुःख या माध्यमाने वाढते, असे दिसले होते. २०२१ साली ते जगापुढे आले.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने आरोग्याविषयी बोलणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींसाठी नियम केले. डॉक्टर किंवा तज्ज्ञ असाल तर तसे सांगा; नसाल, तर आपला सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही, हे स्पष्ट करा. नियम चांगला आहे, पण प्रत्येक मोबाइलमागे शिपाई उभा करता येत नाही. ते काम घरच्यांनाच केले पाहिजे.

म्हणून भगिनींनो, मुलींच्या हातून मोबाइल हिसकावून घेऊ नका. त्याने त्या लपून पाहतील. त्यांना तीन प्रश्न विचारावयास शिकवा : हे सांगणारा कोण? हे कोणासाठी सांगितले आहे? आणि सांगता सांगता तो काय विकतो आहे? आपणही हळदीकुंकवाला जमलो म्हणजे 'काय गं, किती जाड झालीस!' किंवा 'रंग काळवंडला गं' असे म्हणणे सोडून देऊ. रील येण्यापूर्वी तो डाग मुलीच्या मनावर पुष्कळदा आपणच पाडलेला असतो.

मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षी वाडीतल्या मुलींसाठी हिमोग्लोबिन तपासणीचा एक दिवस ठेवावा. तपासणीनंतर त्यांना भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि नागपुरी संत्रे असे पोटभर जेवू घालावे. संत्र्याने भाजीतले लोह अंगी लागते. आणि त्या पंगतीत कोणी कोणाचे वजन विचारू नये.