हँडल ते बटण: सातपाटीच्या यांत्रिक बोटींतील स्टार्टर-वायरिंगचा इतिहास

पालघर शहराच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेले सातपाटी हे गाव पापलेटासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते, आणि त्याच्या मासेमारीचा इतिहास लिहिताना शिडाच्या होड्या जाऊन यंत्राच्या बोटी आल्या या एका घटनेभोवतीच बहुतेक मांडणी फिरते. त्या मांडणीत इंजिनांची अश्वशक्ती येते, कर्जाचे आकडे येतात, पापलेटाची आवक येते. परंतु ते इंजिन दररोज सुरू कसे होत असे, ते सुरू करण्यासाठी कोणाचे बळ खर्ची पडत असे आणि ते बळ पुढे तांब्याच्या तारेकडे कसे गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

सातपाटीच्या बाबतीत हा प्रश्न किरकोळ मानता येत नाही, याचे कारण गावाच्या खाडीत आहे. सातपाटी आणि मुरबे या गावांमधील खाडी गाळाने उथळ झालेली असल्यामुळे मोठ्या बोटींना भरतीचे पाणी धरूनच ये-जा करावी लागते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून पाणी चढलेले असताना इंजिन सुरू झाले नाही, तर बोट अर्धा दिवस अडकते, आणि तोवर फोडून भरलेला बर्फ विरघळत राहतो. रस्त्यावरची मोटार बंद पडली तर चार माणसे मागून धक्का मारून ती चालू करून देतात. बोटीला ती सोय नाही.

मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाचे वाफेवर चालणारे ट्रॉलर जहाज प्रयोगासाठी वापरून पाहिले होते, परंतु त्याचा गावोगावच्या मच्छीमारीवर फारसा परिणाम झाला नाही. एच. टी. सोर्ली यांनी मुंबई इलाख्यातील सागरी मासेमारीवर १९३३ साली अहवाल लिहिला, तेव्हाही किनाऱ्यावरचा धंदा मुख्यतः शीड आणि वल्हे यांवरच चालत होता. खरा बदल दुसऱ्या महायुद्धानंतर आणि विशेषतः १९५१ साली सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून झाला. पूर्व किनाऱ्यावरील लाकडी ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर इंजिन बसवणे जवळजवळ अशक्य होते, आणि १९५३ पासून केरळात कोल्लमजवळ काम करणाऱ्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाला नव्या आराखड्याच्या बोटी बांधून पाहाव्या लागल्या. उत्तर कोकणात मात्र तशी अडचण नव्हती. सातपाटीची बोट रुंद पोटाची, टोकदार नाळेची आणि सरळ पठाणाची, म्हणजे तळाच्या लांब मुख्य तुळईची होती; तिच्यात इंजिनाचा पाया घालता येत होता, मागच्या उभ्या सोटातून शाफ्टसाठी भोक पाडता येत होते आणि पंख्याला पुरेसे पाणी मिळत होते. म्हणूनच मत्स्यतंत्राच्या लिखाणात ‘सातपाटी पद्धतीची बोट’ हा एक स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदला गेला. १९६३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकारी विकास निगमाचा पैसा पुढे सहकारी संस्थांमार्फत राज्यातील मच्छीमारांपर्यंत पोहोचू लागला आणि इंजिने मोठी होत गेली.

प्रारंभीच्या लहान डिझेल इंजिनांबरोबर कारखान्यातूनच लोखंडी हँडल येत असे. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सुमारे सोळा ते वीस पटींनी दाबली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हा दाब माणसाच्या हाताने एकदम निर्माण होत नाही. म्हणून आधी डिकॉम्प्रेशनची कळ, म्हणजे झडप किंचित उघडी धरून सिलिंडरमधील दाब सोडून देणारी कळ, वर करायची, हँडल फिरवून जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि वेग आला की कळ खाली पाडायची, असा क्रम असे. इंजिन उलटे झटकले तर हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटाचे हाड मोडण्याची भीती असे. त्यासाठी अंगठा मुठीभोवती न वळवता इतर बोटांच्याच बाजूला ठेवण्याची शिस्त जगभर शिकवली जाई. डुलणाऱ्या बोटीत, तेलाने निसरड्या फळ्यांवर, वाकून करायचे हे काम दणकट खलाशाकडे जाणे स्वाभाविक होते. हँडलचा एक मोठा गुण मात्र मान्य केला पाहिजे: त्याला गंज चढला तरी ते काम देत असे.

विजेचा स्टार्टर मोटारींच्या जगात आला तो चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्यामुळे. त्याची रचना १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर प्रथम नियमितपणे बसवली गेली. भारतात मोटारींच्या विद्युत सामानाचे उत्पादन स्वातंत्र्यानंतर वाढले, आणि मद्रासजवळच्या पाडी येथील लुकास-टीव्हीएस ही स्टार्टर व डायनमो बनवणारी कंपनी १९६१ साली स्थापन झाली. मासेमारी बोटींत सहा सिलिंडरांची, सुमारे शंभर अश्वशक्तीची अशोक लेलँडसारखी इंजिने येऊ लागली, तेव्हा हँडलचा प्रश्नच उरला नाही, कारण इतके मोठे इंजिन हाताने फिरत नाही. ही इंजिने मुळात ट्रक-बसच्या घराण्यातली होती; समुद्रासाठी त्यांची थंड करण्याची व्यवस्था आणि गिअरबॉक्स बदलला जाई. त्यांच्याबरोबर ट्रकचे वायरिंगही बोटीत उतरले, आणि सातपाटीच्या यांत्रिकीकरणातला दुसरा, कमी बोलला गेलेला टप्पा येथे सुरू होतो.

स्टार्टरच्या जोडणीत दोन वेगळे मार्ग असतात. बॅटरीपासून बटणापर्यंत आणि तेथून सोलेनॉइडपर्यंत जाणारी बारीक तार थोडाच प्रवाह नेते. सोलेनॉइड म्हणजे वीज मिळताच आतील दांडा ओढणारे विद्युतचुंबकी गुंडाळे. तो दांडा स्टार्टरचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि त्याच वेळी जाड केबलचे संपर्क मिटवतो. या दुसऱ्या मार्गाने काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. मोटारीत हा प्रवाह परत येण्यासाठी वेगळी तार लागत नाही, कारण पोलादी सांगाडाच परतीची वाट होतो. लाकडी बोटीला असा सांगाडा नाही, आणि पुढे आलेल्या फायबरच्या बोटीलाही नाही. म्हणून परतीची केबल जाणाऱ्या केबलइतकीच जाड आणि थेट बॅटरीपर्यंत ओढावी लागते. ट्रकच्या सवयीने काम करणारा वायरमन नेमका येथे चुकू शकतो: जाणारी केबल भारी घेतो आणि ‘अर्थिंग’ म्हणून मिळेल ती तार इंजिनाच्या एखाद्या रंगवलेल्या बोल्टखाली दाबतो.

या हलगर्जीपणाची किंमत साध्या गणिताने दाखवता येते. सत्तर चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या केबलचा जाऊन-येऊन चार मीटरचा मार्ग धरला, तर त्याचा रोध सुमारे एक सहस्रांश ओम भरतो आणि चारशे अँपिअर प्रवाहाला त्यात अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी दाब खर्च होतो. त्याच मार्गातल्या एखाद्या लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या तांब्याच्या कडीत, खारी हवा शिरून हिरवा थर चढला आणि रोध केवळ एक शतांश ओमने वाढला, तर तेवढा प्रवाह नेताना चार व्होल्ट तेथेच गळतील. मग स्टार्टर मरगळल्यासारखा फिरतो, किंवा सोलेनॉइड नुसता खटखटतो, आणि दोष बॅटरीवर ढकलून नवी बॅटरी विकत घेतली जाते. गंजलेली लग मात्र जागच्या जागी राहते.

पुढच्या दशकांत त्याच बॅटरीवर दिवे आले, वायरलेस आला, मासे दाखवणारा फिशफाइंडर आणि जागा दाखवणारे जीपीएस आले. चोवीस व्होल्टच्या बोटीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. बारा व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूसाठी त्यांतल्या एकीवरूनच वीज काढण्याचा सोपा मार्ग धरला की ती बॅटरी सतत उतरलेली राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोन्हींचे आयुष्य संपते. यात आणखी एक धोका आहे: सोललेली धन तार तळाच्या साचलेल्या पाण्याला लागली, तर गळणारा प्रवाह शाफ्ट आणि पाण्याखालचे धातूचे भाग झपाट्याने खाऊन टाकतो. बोटीतल्या वायरिंगला घरगुती डागडुजी समजण्याची वृत्ती म्हणूनच परवडणारी नाही.

हे दुखणे एकट्या सातपाटीचे नाही. अमेरिकेत १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून गाजलेल्या दांडग्या इंजिनांच्या मोटारी आज हौशी लोक जपतात, आणि त्यांनाही पन्नास वर्षांत एकावर एक चढलेल्या जोडण्या सोडवत बसावे लागते. जनरल मोटर्सच्या त्या गाड्यांत सोलेनॉइड स्टार्टरवरच, धुराड्याच्या तापलेल्या नळ्यांजवळ असे, आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होण्यास कुरकुर करी; म्हणून अनेकजण फोर्डच्या पद्धतीप्रमाणे वेगळा रिले थंड जागी बसवतात. तेथे शत्रू उष्णता आहे, येथे मीठ आहे. उपाय मात्र एकच, की जड प्रवाहाचा मार्ग आखूड, जाड, कमी सांध्यांचा आणि नजरेसमोर असावा.

महाराष्ट्रात जूनच्या आरंभापासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि वायरिंगच्या दुरुस्तीचा हंगामही तोच. चांगला मिस्त्री आधी बॅटरीची ऋण बाजू सुटी करतो, मग बंद झालेल्या वस्तूंच्या लोंबणाऱ्या तारा काढून टाकतो, स्टार्टर उघडून आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता गाभा, व ब्रश तपासतो, केबलचे टोक चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापून नवी लग दाबतो, आणि सांध्यावर ग्रीस चोपडतो. बॅटऱ्या तळाच्या पाण्यापासून उंच, फळीवर बांधून ठेवणे हा त्यातला सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, कारण खारे पाणी बॅटरीच्या आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

यांत्रिकीकरणाचे श्रेय योजना, संस्था आणि कर्ज यांना मिळाले, ते योग्यच आहे; पण ते टिकवले ते अशा हातांनी, आणि कागदोपत्री त्यांची नोंद जवळजवळ नाही. बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती लिहिली जाते. स्टार्टर कोणी भरून दिला, केबल कोणी ओढली, हे लिहिले जात नाही. म्हणून सातपाटी-मुरबे परिसरातील मच्छीमार कुटुंबांनी जुनी बोट मोडीत काढताना घरातले लोखंडी हँडल, इंजिनाच्या माहितीपुस्तिका आणि आर्मेचर भरल्याची बिले भंगारात देऊ नयेत, आणि गावच्या सहकारी संस्थांनी ती एका कपाटात तरी जमा करून ठेवावीत.