टाकी फुल, पण पुढचा पंप कुठे? नगरचा किल्ला आणि 1803 चा सप्लाय प्लॅन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा डेटा पॅक रात्री दहालाच संपतो, त्यांच्यासाठी आजच्या भागाची ही लेखी आवृत्ती.

थंडी सुरू झाली की प्रत्येक बायकर ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "यंदा राजस्थान?" मग कुणीतरी शीट बनवतो, आणि आयटीवाला असल्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये ते काम माझ्याकडे येतं. त्या शीटमधला सगळ्यात महत्त्वाचा कॉलम पेट्रोलचा. आज त्याच कॉलमबद्दल बोलायचंय, पण जैसलमेरच्या नाही, आपल्या नगरच्या. म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या. भुईकोट किल्ला म्हटलं की आपल्याला 1942 ते 1945 मधले कैदी नेहरू आठवतात. पण त्याच्याही आधी, 1803 मध्ये, हा किल्ला एका मोठ्या मोहिमेचा पेट्रोल पंप झाला होता. आणि त्या पंपाचं बिल कुणी भरलं, हा आजचा खरा प्रश्न आहे.

आधी आपला हिशोब

समजा टाकी 13 लिटरची आहे आणि हायवेला मायलेज 35 मिळतं. गुणाकार केला की 455 किलोमीटर. शीटमध्ये हा आकडा फार छान दिसतो. पण मागे सामान बांधलं, समोरून वारा आला, मधेच वाळूत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी ओढावी लागली, की मायलेज 25 वर येतं. मग उरतात 325. त्यातला पाव हिस्सा राखीव ठेवायचा, कारण पुढचा पंप बंद असू शकतो. उरले साधारण 240. जैसलमेरहून तनोटला जाऊन परत यायला जवळपास एवढंच अंतर पडतं. म्हणजे 455 वाल्याला वाटतं जवळजवळ दोनदा जाऊन येऊ, आणि 240 वाला वाटेत रामगढला टाकी भरून घेतो.

बरं, जास्तीचं पेट्रोल कॅनमधून घेऊ म्हणाल, तर त्याचंही वजन आहे. लिटरला पाऊण किलो. वर माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी. वजन वाढलं की मायलेज आणखी घटतं. म्हणजे वाहून नेणाराच वाहून नेलेलं खातो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालणार आहे.

बैलाचं मायलेज

1803 मध्ये इंजिन म्हणजे बैल. ढोबळ उदाहरण घेऊ. समजा एक बैल 80 किलो धान्य पाठीवर नेतो आणि वाटेत चारा अजिबात नसेल, तर जगायला त्यातलंच 4 किलो रोज खातो. दहा दिवस जायला, दहा दिवस यायला. 20 गुणिले 4 किती? 80. म्हणजे दहा दिवसांच्या वाटेवर त्या बैलाने पोहोचवलेलं धान्य शून्य! बैल धडधाकट, गोणी भरलेली, आणि डिलिव्हरी काहीच नाही.

वाटेत गवत असेल तर चित्र पालटतं. बैल फुकट चरतो आणि गोणी शाबूत राहते. म्हणूनच बंजारा तांडे शेकडो वर्षं हजारो बैल घेऊन देशभर धान्य आणि मीठ फिरवू शकले. त्यांची वाट गवत आणि पाणी बघून ठरायची. मुघलांच्या दख्खनच्या मोहिमांनाही त्यांनीच धान्य पुरवलं. पण पाऊस लांबला, किंवा आधीच्या फौजेने चारा जाळून टाकला, की हाच दख्खनचा मुलूख बैलासाठी वाळवंट. वाळू असायलाच हवी असं नाही.

1803 ची परिस्थिती

आता पार्श्वभूमी झटपट. 25 ऑक्टोबर 1802 ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेला हरवलं. दुसरा बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबर 1802 ला वसईत इंग्रजांशी तह करून बसला. त्याला गादीवर परत बसवायला म्हैसूरकडून एक फौज निघाली. तिचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. तेव्हा वय 33.

9 मार्च 1803 ला तो तुंगभद्रेवरच्या हरिहरहून निघाला आणि 20 एप्रिलला पुण्यात पोहोचला. त्याच्या फौजेपेक्षा मला त्याची तयारी जास्त इंटरेस्टिंग वाटते. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरचं नावाजलेलं अमृतमहाल बैलांचं खातं इंग्रजांच्या हातात आलं होतं. दिवाण पूर्णय्या मागून धान्य आणि जनावरं पाठवत होता. सैन्याबरोबर बंजारे होते. शिवाय मुंबईहून समुद्रमार्गे पनवेलला माल उतरवायचा आणि बोरघाटातून वर आणायचा, अशी दुसरी लाइन त्याने मागून घेतली. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप सर्व्हर.

त्याने आणखी एक गोष्ट मागवली. टोपलीसारख्या गोल, कातडं चढवलेल्या होड्या. का? त्याचा विचार असा की मराठ्यांच्या घोडदळाची ताकद वेगात आहे, आणि वेग नद्यांच्या उतारांवर अवलंबून आहे. पावसाळ्यात नद्या भरल्या की घोडदळ अडणार. आपल्याकडे होड्या असतील तर आपण अडणार नाही. सगळे जण पावसाळ्यात मोहीम थांबवतात, याने पावसालाच प्लॅनमध्ये घेतलं.

तरीही प्लॅन कागदावर होता तसा चालला नाही. बाजीरावाने कबूल केलेले बैल आलेच नाहीत. पुणे आणि नगरच्या मधला मुलूख आधीच्या स्वाऱ्यांनी ओरबाडलेला. 4 जूनला पुणे सोडल्यावर चाऱ्याअभावी त्याची जनावरं मरायला लागली. जुलैअखेर तो नगरच्या दक्षिणेला वाळकीला तळ देऊन बसला होता. होय, आपलंच वाळकी. एकीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी बोलणी, दुसरीकडे रोज उरलेल्या बैलांची मोजदाद.

किल्ला कशासाठी हवा होता?

6 ऑगस्टला युद्ध ठरलं, पण जोराच्या पावसाने फौज हलेना. 8 ऑगस्टला शिड्या लावून शहराची पेठ घेतली. 10 तारखेला किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि 12 ऑगस्ट 1803 ला किल्ला हातात आला. हा किल्ला 1797 पासून दौलतराव शिंद्यांकडे होता. भोवती खोल खंदक, भक्कम दगडी तट. पण वेलस्लीला किल्ल्यात मुक्काम करायचा नव्हता. त्याला हवी होती सुरक्षित कोठारं.

नकाशा डोळ्यासमोर आणा. खाली पुणे आणि पनवेल, वर गोदावरी, पलीकडे औरंगाबाद आणि निजामाचा मुलूख. मधे नगर. पनवेलहून निघालेला बैल थेट जालन्यापर्यंत गेला तर स्वतःच सगळं खाणार. पण तो नगरला गोणी उतरवून परत फिरला, आणि पुढच्या टप्प्याला ताजी, चरलेली जनावरं लागली, तर हिशोब बसतो. शिवाय कोठारात माल आधीच साठवता येतो, त्यामुळे लढाईच्या दिवसांत मागच्या वाटेवर ताण येत नाही. आजूबाजूच्या परगण्यांचा महसूल आणि धान्य गोळा करायला त्याने कॅप्टन ग्रॅहम नावाचा अधिकारी नगरला बसवला.

त्याची आणखी एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. पेठेत लूट करणाऱ्या स्वतःच्याच शिपायांना त्याने फाशी दिलं, असं त्याच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याच्या आठवणींत आहे. हा काही निव्वळ दयाळूपणा नव्हता. बाजार लुटला की दुसऱ्या दिवशी वाणी दुकान उघडत नाही आणि बंजारा तांडा दुसऱ्या वाटेने जातो. रोख पैसे देणाऱ्याच्या छावणीत माल आपणहून येतो. पंपवाल्याला मारून टाकी एकदाच भरता येते.

पुढचा प्रवासही आपल्याच जिल्ह्यातून झाला. प्रवरासंगमाजवळ टोक्याला गोदावरी दुथडी भरलेली होती. तिथे त्या टोपल्यांच्या होड्या कामाला आल्या आणि 24 ऑगस्टपर्यंत फौज पलीकडे गेली. मग 23 सप्टेंबरला असई, 29 नोव्हेंबरला आडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड. 30 डिसेंबर 1803 च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी नगरचा किल्ला सोडला. शाळेत आपण असईची लढाई शिकतो. त्या लढाईत वेलस्लीचं नुकसान प्रचंड झालं, ती थोडक्यात हातची जाणार होती. पण लढून झाल्यावरही ज्याची फौज उभी राहू शकते, त्याच्यामागे नगरसारखं कोठार असतं.

बिल कुणाच्या नावावर?

इथवर ऐकून वेलस्लीचं कौतुक वाटलं असेल. मलाही त्याच्या प्लॅनिंगचं वाटतं. पण शीटमध्ये एक कॉलम राहिलाय. कोठारातलं धान्य आलं कुठून?

1803-04 मध्ये नगरच्या मुलखात भयंकर दुष्काळ पडला. एका बाजूला पावसाने दगा दिला, दुसऱ्या बाजूला होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी गावं उजाड केलेली, आणि त्यावर एकामागून एक फौजा इथूनच जात होत्या. प्रत्येक फौजेचा बैल आणि घोडा जे गवत खायचा, ते गावातल्या बैलाचं होतं. सैन्य जे धान्य रोख पैशाने विकत घ्यायचं, तेही बाजारातून कमी व्हायचं आणि भाव वर जायचा. पैसे मिळाले ते व्यापाऱ्याला. ज्याच्याकडे विकायला काही नव्हतं, त्याला फक्त वाढलेला भाव मिळाला.

1804 मध्ये वेलस्लीनेच नगरला दुष्काळी कामं काढली. काम करू शकणाऱ्याला काम द्यायचं आणि त्याबदल्यात पोटाला. म्हणजे पुढे ब्रिटिश काळात आणि नंतर आपल्या रोजगार हमीत दिसणाऱ्या कल्पनेची एक जुनी आवृत्ती याच गावात राबवली गेली. त्याने माणसं जगवली, हे खरं. पण ज्या फौजांनी मुलूख कोरडा केला, त्यांत एक फौज त्याची होती, हेही तितकंच खरं.

खऱ्या वाळवंटातली गोष्ट

आता हाच हिशोब वाळूत. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलपुढे नेमका बैलवाला प्रश्न होता. त्रिपोलीच्या बंदरापासून अल अलामेन दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब. पेट्रोल नेणारे ट्रकच वाटेत भरमसाट पेट्रोल पीत. त्यामुळे 21 जून 1942 ला त्याने टोब्रुक घेतलं, तेव्हा तिथला पेट्रोलचा आणि अन्नाचा साठा त्याच्यासाठी शहराइतकाच मोलाचा होता. त्या टोब्रुकमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण लढत होती आणि तिचे जवान कैद झाले. रोमेल लुटलेल्या साठ्यावर इजिप्तमध्ये घुसला खरा, पण मागची वाट लांबतच गेली आणि अलामेनला त्याचे रणगाडे पेट्रोलसाठी तरसले.

आणि आपण बाईकला बांधतो तो जेरीकॅन याच वाळवंटात नावारूपाला आला. इंग्रजांचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळायचे, की बरंचसं पेट्रोल पोहोचण्याआधीच उडून जायचं. जर्मनांचा 20 लिटरचा कॅन गळत नव्हता. इंग्रजांनी तो उचलला आणि तसाच बनवला. जर्मनांना ते 'जेरी' म्हणायचे, म्हणून जेरीकॅन.

मग आपल्या शीटमध्ये काय बदलायचं?

माझ्या शीटमध्ये आता चार नियम आहेत. कंपनीचं मायलेज लिहायचं नाही, वाळूतलं लिहायचं. पाव टाकी कायम राखीव. प्रत्येक पंपाला पर्यायी पंप, बॅकअपशिवाय रूट नाही. आणि चौथा नियम नगरच्या दुष्काळाने दिलेला: वाळवंटातल्या ढाणीवर पाणी मागण्याआधी ते तिथे किती लांबून येतं हे विचारायचं. आपण दोन बाटल्या भरून घेतो, पण तो कुणाचा तरी राखीव पाव हिस्सा असू शकतो. आपलं पाणी आपण न्यायचं.

पुढच्या भागात नगरहून जवळच असलेल्या भातवडीला जाऊ. 1624 मध्ये तिथे मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून समोरच्या फौजेची पार दैना केली होती. तोपर्यंत हा भाग ग्रुपवरच्या त्या शीटवाल्या मित्राला नक्की पाठवा.